काड्यांचा हिशेब

कालव्याच्या दाराशी ग्लेनिसचं चहाचं दुकान.
दर गुरुवारी चारला ती पाटी उलटी करते.
बंद, म्हणजे फक्त आपल्या माणसांना उघडं.
प्रत्येकाने एक शब्द आणायचा,
इंग्रजीच, पण कपाटातल्या सगळ्यात खालच्या घडीतला,
वर्षानुवर्षं कुणी अंगावर न घातलेला.
बाकीच्यांनी अर्थ ठोकून द्यायचा.
चुकलात, की काडीपेटीतली एक काडी गेली.
हिशेब माझ्याकडे. मी खेळत नाही.
माझं इंग्रजी ऑफिसपुरतं, इस्त्रीचं.

विल्फ्रेड ऑलरेनशॉ, वय एकोणऐंशी.
चाळीस वर्षं त्यांनी या कालव्याची दारं
उघडली, मिटली, पाणी चढवलं, उतरवलं.
त्यांचा शब्द: गाँगूझलर.
"गुळण्या करणारा," ग्लेनिस म्हणाली.
"हंसाचा एखादा रोग," डेरेक.
काड्या गेल्या.
गाँगूझलर म्हणजे कालव्याकाठी नुसतं उभं राहून
दुसऱ्यांच्या बोटी बघणारा रिकामटेकडा.
"नोकरीभर त्यांना शिव्या घातल्या," विल्फ म्हणाले,
"आता बाकावर त्यांच्याच शेजारी बसतो."

डेरेकने आणला होता ग्रोक:
आपल्याला कुणी विचारेल या आशेने
खाणाऱ्याच्या तोंडाकडे टक लावून बघणं.
टेबलाखालून मस्टर्ड हेच करत होता,
इतका वेळ, शब्दाशिवाय.

मग इनिड ट्रँटर. पोस्टाच्या खिडकीत आयुष्य गेलेली,
प्रत्येक अक्षरावर शिक्का मारत बोलते.
ओव्हर. मॉरो.
"रात्री जास्त झाली की सकाळी होते ती," विल्फ म्हणाले,
आणि आपल्याच विनोदावर खोकले, बराच वेळ.
नव्हे. उद्याच्या पलीकडचा दिवस.
या लोकांनी हा शब्द कधीतरी टाकून दिला.
आता चार शब्दांचा वळसा घेऊन तिथे पोचतात.
माझ्या भाषेत तो अजून
रोज डबा घेऊन कामाला जातो.

"म्हणजे शनिवार," विल्फ म्हणाले.
त्यांची काडी घ्यायची होती. मी घेतली नाही.
शनिवारी स्टोकच्या हॉस्पिटलात
त्यांची छाती उघडणार होते.
ग्लेनिस उठली आणि भरलेलीच किटली
पुन्हा भरली.

सोमवारी वॉर्डात नियमाने दोघं, आम्ही चौघं.
नर्स मारिसेलने पाहून न पाहिल्यासारखं केलं.
(त्यालाही कुठेतरी एक शब्द असेल.)
विल्फ उशीएवढेच पांढरे. आवाज नळीने सोललेला.
"शब्द?" म्हणाले.
आणि कुणीच आणला नव्हता.
इनिडने पर्स उघडून त्यात बराच वेळ पाहिलं.

मी म्हटलं, परवा.
"इंग्रजी नाही," डेरेकने हरकत घेतली.
विल्फनी बोट उचललं, क्लिप लावलेलंच:
"येऊ द्या. दार मी उघडलंय."

इनिडला तो पक्षी वाटला, ग्लेनिसला लोणचं.
डेरेक गप्प, काड्या वाचवत.
मी सांगितलं: गुरुवारी शनिवार पुढे होता, तो परवा.
आज शनिवार मागे आहे, तोही परवा.
"दोन्हीकडे एकच?"
एकच.
"मग कळतं कसं?"
क्रियापदावरून. होणार, की झालं.

ते छताकडे बघत राहिले.
दोन्ही बाजूंचं पाणी सारखं होईपर्यंत
दाराला जोर लावायचा नसतो,
हे त्यांनीच मला एकदा दाखवलं होतं.

"झालं," ते म्हणाले.
म्हणजे, झालं नाही, जॉलो असं काहीतरी.
पुन्हा म्हणाले. पुन्हा जॉलो.
इनिडने नाक पुसलं, कुणाकडे न बघता.

"हिला तीन काड्या," विल्फ म्हणाले.
मी खिशातून काडीपेटी काढली
आणि मारिसेल धावतच आली:
ऑक्सिजनच्या वॉर्डात! वेडी आहेस का?
जप्त.

माझा पहिलाच डाव.
तीन काड्या येणं आहे,
अजून तिच्याकडेच आहेत.