एकतीस अंश

रात्री दोनला जाळ्याचं बूच बुडतं.
कमरेइतक्या पाण्यात उभी मी, कपाळावर दिवा.
हातभर मुशी.
पाठीच्या पराला शाईत बुडवल्यासारखं काळं टोक,
पोटाला बेंबीची चीर, अजून न बुजलेली.
म्हणजे आठवड्याची.
आमच्याकडे हिला माउरी म्हणतात.

उताणी केली की निपचित पडते,
जणू कुणी कानात काही सांगितलंय.
नोलवेन शेपटीच्या मुळाशी सुई घालते,
ब्रिटनीहून आलेली, हात थरथरत नाही तिचा.
अर्धी वाटी नव्हे, अर्धा चमचाही नव्हे
एवढंसं रक्त.
गडद. आपल्यासारखंच.

शेडमध्ये बारा टाक्या.
सहांत अठ्ठावीस अंश, म्हणजे आमची खाडी.
सहांत एकतीस, म्हणजे आमची खाडी
माझ्या मुलीच्या मुलीच्या वेळची.
(असं नोलवेन म्हणते. मला मुलगी नाही.)

कोमट पाण्यात प्राणवायू आधीच विरळ,
आणि अंगाला मात्र तो जास्त हवा असतो.
कल्ल्यापाशी रक्त त्याला धरायला जातं
तर मूठ सैल.
जे धरलं ते पुढे चटकन सांडतं,
पण धरायचंच राहिलं तर सांडणार काय?
मग हृदय घाई करतं.
मग तांबडे कण वाढतात,
गर्दीनं तरी काम भागेल म्हणून.

रिफिलहून बारीक काचनळी यंत्रात गरगरते,
तळाशी लाल, वर फिकट पिवळं.
पट्टी लावून मी मोजते.
या टाकीत शंभरात बावीस.
त्या टाकीत सव्वीस.
चार घरांचा फरक, वहीत निळ्या पेननं.
सातव्या टाकीतली आज खाली बसून आहे.
तिचं मी लिहिते, पण अक्षर वाकडं येतं.

मंगळवार, गुरुवार, शनिवार
पहिल्या बोटीनं आई पापीतेला जाते.
दंडातून रक्त बाहेर, यंत्रातून आत,
चार तास.
पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा तिआरे
पत्ते वाटतो, एका हातानं.
आईला थंडी वाजते. यंत्रावर छत्तीस.
‘अर्धा अंश वाढव ना गं,’ ती नर्सला म्हणते,
नर्स वाढवत नाही.

तिच्या कागदावर युरिया, पुढे लाल तारा.
नोलवेनच्या कागदावरही युरिया,
आईच्या आकड्याच्या बारापट,
आणि तारा नाही!
मी दोनदा वाचलं. शून्य जास्त पडलं असेल.
नोलवेन म्हणाली, ‘नाही, बरोबर आहे.
हे ती मुद्दाम जपून ठेवते.
हे नसतं तर समुद्र तिला
चोखून कोरडी करील.
आणि हे बाधू नये म्हणून
शेजारी आणखी एक द्रव्य ठेवते, राखणीला.’
माझ्या काकाला यातलं अर्धं ठाऊक होतं:
मेलेली मुशी तासाभर उन्हात राहिली
की मुतारीसारखी घमघमते.

बोटीवर आईला सांगितलं.
ती इतकी हसली की समोरची बाई वळली.
‘म्हणजे माझं काही बिघडलं नाही,’ म्हणाली,
‘मी चुकीच्या जागी राहतेय.’
मग बराच वेळ गप्प.
मग, ‘आणि पाणी तापलं तर?’

तर, मी म्हटलं, तेच शोधतोय.

तिसाव्या दिवशी सोडल्या.
अकरा.
बादली कलती केली, तर शेवटची
माझ्या घोट्याला घासून गेली,
खरखरीत, पॉलिश पेपर जसा.
दुपारची वेळ, ओहोटी, गुडघ्याइतकं पाणी,
खाली पांढरी वाळू तापलेली.
पाय ओढून घ्यावासा वाटला.

तापमापी खिशात होती.
नोलवेन काठावरून ओरडली, ‘किती?’
लाटा नव्हत्या.
तरी मी ऐकू न आल्यासारखं केलं,
आणि काळी टोकं मोजत राहिले,
आठ, नऊ, पुन्हा आठ.