पुढचा के

लिहिताना पुढे एक 'के' असतो,
बोलताना त्याला कुणी हाक मारत नाही.
म्हाताऱ्या घोड्याचा दात पडावा तसा
कधीतरी काही शतकांपूर्वी तो पडला
आणि उरलेलं 'नॅकर्ड'
कर्बी स्टीफनच्या चढावर दिवसभर ऐकू येतं.

पोस्टमन गाडीचं दार पायानं लोटत म्हणतो,
रात्रपाळीची नर्स बेकरीच्या रांगेत, डोळे मिटून.
दहा मिनिटं फुटबॉल खेळलेला पोरगाही म्हणतो,
ज्याच्या पायांत अजून दहा मैल शिल्लक आहेत.
पार पिट्ट्या पडला, म्हणायचं असतं त्यांना,
जीव मेटाकुटीला आला, हाडं बोलायला लागली,
एवढंच.

एड्विन टॅलंटायर पावाचे पैसे मोजतो
आणि काही बोलत नाही.
त्याच्या लॉरीत मागे साखळी आहे, विंच आहे
आणि कितीही धुतलं तरी
दमट हवेत वर येणारा एक वास.
मेलेली मेंढी, पाय मोडलेली गाय,
उठवून उठत नाही असं घोडं:
फोन त्याला येतो.
बापाला यायचा. आजोबांना निरोप यायचे.
या धंद्याचं नाव तोच शब्द,
शेपटी कापलेला.

नातीनं, मेबलनं, निबंधात लिहिलं,
'रविवारी डोंगर चढून आम्ही नॅकर्ड झालो.'
बाईंनी लाल शाईनं खोडलं. सभ्य शब्द वापर.
मेबल उभी राहिली. पण बाई,
आमच्या लॉरीवर तो रंगवलाय,
खाली फोन नंबरसकट.
वर्ग हसला. बाईंना पुढचं सुचेना.
वहीत खोडलेलं तसंच राहिलं,
शेजारी 'दमलो', फिक्या पेन्सिलीनं.

गुरुवारी ॲग्नेस डार्गकडे.
घोडी एकतीस वर्षांची, नाव ब्रॅम्बल.
ॲग्नेसनं पासपोर्ट टेबलावर काढून ठेवलेला
(घोड्यांनाही असतो तिथे),
त्यात घोड्याची कोरी आकृती, आकृतीवर
एकेक भोवरा शाईनं दाखवलेला.
प्रवास एकही नाही.
रात्रभर तबेल्यात बसून तिचे डोळे सुजले होते,
पण तो शब्द तिनं वापरला नाही.
म्हणाली, 'आज हिनं गाजराकडे पाहिलं नाही.'

एड्विननं टोपी काढली,
कपाळावर हात ठेवला,
ओठ उचलून दात पाहिले, गरज नसताना,
बापानं शिकवलेलं म्हणून.
मग म्हणाला, तू आत जा, चहा ठेव.
किटली शिटी घालत होती,
म्हणून तिला आवाज आला नाही.
किंवा आला.

कोशवाले म्हणतात, खात्री नाही, पण बहुधा
उत्तरेच्या समुद्रावरून होडीतून आलेला हा शब्द
मुळात नुसतं खोगीर होता.
खोगीर शिवणारा, तो नॅकर.
मग त्याच माणसानं, कातडं हवं म्हणून,
खोगिराखालचं जनावरही विकत घेतलं असावं,
आधी एक, मग बाजारातलं उरलंसुरलं सगळंच.
पाठीवर बसायची जागा
हळूहळू पाठ मोडल्याचं नाव झाली.
कुणी ठरवून केलं नाही.
वापरून वापरून शब्दही झिजतात,
आणि एका बाजूनं जास्त.

संध्याकाळी एड्विन बूट काढायला वाकतो.
गुडघा जुन्या फाटकासारखा कुरकुरतो.
हिल्डा विचारते, काय, झालास ना अगदी...
आणि शब्द अर्ध्यावर सोडते.
या घरात तो जेवायच्या टेबलावर आणत नाहीत.

'जरा बसतो,' तो म्हणतो.
बसतो.
खुर्चीच्या पाठीला ॲग्नेसनं दिलेला लगाम,
हाताच्या घामानं काळा पडलेला, मऊ.
मेबलला हवा होता म्हणून.