एकोणसाठ

सप्टेंबरचा दुसरा शनिवार. स्केलबेकच्या जत्रेचा दिवस.
डोंगरावरच्या तिसऱ्या चौकीवर मी:
घडीची खुर्ची, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली यादी,
दोरीनं बांधलेली पेन्सिल. पेन इथल्या गारठ्यात लिहीत नाही
असं हेदर बर्केट म्हणते, आणि ती दर वर्षी बरोबर निघते.

खाली खोऱ्यात पांढरे तंबू.
एका तंबूत कांदे बसलेत ओळीनं, मानेला सुतळी,
नुकतेच न्हाव्याकडून उठून आल्यासारखे.
दुसऱ्यात सोळा बरण्या जॅम
आणि चमचा घेतलेली एक अतिगंभीर बाई.
कुंपणात राखाडी मेंढ्या. परीक्षक दात बघतो,
पाठीवरून हात फिरवतो, चालवून बघतो,
स्थळ बघायला आलेल्या मामासारखा,
चेहऱ्यावर काही म्हणजे काही न दाखवता.
गाड्यांची रांग पार खिंडीपर्यंत.
पर्यटक जाकीट घालून आइस्क्रीम खाताहेत.
आणि उतारावरचे नेचे गंजायला लागलेत,
एका कडेनं,
पावसात बाहेर राहिलेल्या विळ्यासारखे.

दोन वाजता साठ जण पळत सुटले.
मी नंबर लिहीत गेले. बारा. चार. सत्तावीस.
चिखलानं माखलेल्या पोटऱ्या, शिट्टी वाजावी तसा श्वास.
कुणी "थँक्स, लव्ह" म्हणालं,
कुणी मला दगड समजून वळलं.
मग ढग खाली बसला.
मी यादी मोजली. परत मोजली.
एकोणसाठ.

इंग्रजीतला फिफ्टी-नाइन जेवून तृप्त झालेला आकडा,
त्याला कुणाची वाट बघायची नसते.
आपल्याकडे आकड्याच्या तोंडातच येतं
की एक उणा आहे.
शाळेत उजळणी म्हणताना हे कधी टोचलं नव्हतं.

उणा: एकतीस नंबर. एडविन रेल्फ, वय एकाहत्तर.

गावातलं औषधांचं दुकान माझं
(पाटीवर अजून जुन्या मालकाचं नाव;
साबणे लिहायला रंगारी घाबरतो).
सकाळची पांढरी, रात्रीची अर्धी गुलाबी,
आणि जिभेखाली ठेवायची ती चिमुकली,
जी तो सदैव खिशात असते म्हणतो.
त्याच्या छातीचं वेळापत्रक मला तोंडपाठ.
बायको गेल्यापासून गोळ्या घेऊन झाल्या तरी
तो कंगव्यांच्या स्टँडपाशी रेंगाळतो,
डोक्यावर औषधाला केस नसताना.

वॉकीटॉकी खरखरला, "सगळे गेले का, सॅबनी?"
"एक मिनिट," मी म्हटलं.
असं तीनदा म्हटलं.
काउंटरवरचं बाहेर बोलायचं नाही, हा नियम;
धुक्यात एकटीनं तो नियम धरून बसले,
ओलं घोंगडं मांडीवर घ्यावं तशी.
कुठेतरी मेंढी खोकली, अगदी माणसासारखी.
मी ओरडले, "एडविन!"
आणि मग, का कुणास ठाऊक, "अहो!"

तो आला तो चालत.
पळण्याचं सोंगही न करता, हात पाठीशी बांधून,
जीभ जांभळी.
"वरच्या अंगाला अजून बिलबेरी आहेत," म्हणाला,
"यंदाच्या शेवटच्या."
रुमाल सोडला. आत करवंदांची धाकटी भावंडं,
चिरडलेली, अबोल.
"कॅथलीन इथेच थांबायची दर शर्यतीत.
म्हणून तर मी कधी जिंकलो नाही."
मग माझ्या तोंडाकडे बघून, मी काही न विचारता,
त्यानं खिशातून बाटली काढली
आणि कानाशी नेऊन वाजवून दाखवली.

एकतीसवर खूण करताना पेन्सिलचं टोक मोडलं.
खुर्ची त्यानं घेतली, रुमाल मी.

उतरलो तेव्हा बक्षिसं वाटून संपली होती,
मेंढ्या ट्रेलरमध्ये चढायला नाही म्हणत होत्या,
पहिला आलेला कांदा लिलावात दोन पौंडांना गेला होता,
कुणाच्या तरी रात्रीच्या सूपमध्ये.
फाटकाशी हेदर, कमरेवर हात.
आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे,
आणि म्हणाली, "जीभ दाखवा."

आम्ही दाखवली.