मासोरी चावते

भागरताबाई म्हणाली, हे मासोरी चावते.

पन्नास वर्षं ज्या हातांनी
मरळ अन् शिंगूर जाळ्यातून सोडवले,
ते हात काचेच्या पेटीपुढे
पदराखाली लपले.

लेक हसला.
नागपूरहून पिशवीत फुगवून आणलेल्या
एंजलला दात कुठले?
सून म्हणाली, वय झालं, मुंग्या येत असतील.
महिना गेला.

मग मला बोलावलं.
मी प्रणोती नान्हे, आयटीआय साकोली.
सर्टिफिकेटवर लिहिलंय वायरमन.
त्यातला 'मन' मी मराठीत वाचते.

टेस्टरचं टोक पाण्यात टेकवलं.
दांडीतला इवला दिवा लागला, लाल.
थंडीसाठी टाकलेल्या हीटरच्या नळीला
केसाएवढी चीर.
मासे फिरत होते,
दिवाळीच्या पाहुण्यांसारखे, निवांत.

"मंग मासोऱ्या काऊन नाही मरत?"
मी खिडकीतून बोट दाखवलं.
तारेवर कोतवाल बसला होता,
शेपटीची कात्री हलवत.
त्याचा पाय जमिनीला नाही. यांचाही नाही.
काच, काचेखाली थर्माकोल, त्याखाली फळी.
विजेला कुठं जायलाच जागा नव्हती,
ती पाण्यात बसून राहिली
वाट बघत.
सून घरात चप्पल घालते. लेकाच्या पायात बूट.
ओल्या भुईवर अनवाणी उभी राहून
चिमूटभर दाणे टाकणारी
एकटी हीच.
जिचा पाय मातीला, तिलाच चावते.

डोमाजीबुवा खाटेवरून एवढंच बोलले,
"सुखदेव."

कोणी काही विचारलं नाही.
नाल्यात आकडा टाकून मासे मारायचे ते दिवस,
पहाटे मासे पालथे तरंगत होते
आणि त्यांच्यात एक सदरा.
भागरताबाईचा सख्खा भाऊ.
नाल्याला जमीन होती.

मी परसात गेले अर्थिंग बघायला.
मीठ-कोळसा भरून कोणीतरी नीट पुरलेला पाइप,
आणि पाइपाला बकरी बांधलेली.
ओढून ओढून तिनं तार कधीच तोडली होती.
घरातल्या तीन पायांच्या पिनेचा मोठा पाय
लेकानं बोर्डात बसेना म्हणून
आरीनं कापला होता.
दोन्ही गुन्हेगार माझ्याकडे
सारख्याच डोळ्यांनी बघत होते.

दुपारभर काम.
हीटर उकिरड्यात. जमिनीवरचा बोर्ड भिंतीवर, उंच.
वायरला बोर्डाखाली एक झोका दिला,
थेंब ओघळलाच तर झोक्याच्या तळाशी लोंबेल,
गळून जाईल, बोर्डात चढणार नाही.
मेन स्विचपाशी एक डबी बसवली.

"हे काय करते?"
मोजते, मावशी. जेवढी वीज गेली
तेवढी परत आली का, एवढंच.
तीस मिलिअँपियरचा फरक पडला की बंद.

ती थोडा वेळ गप्प.
तिनं मासेमारी सोसायटीच्या काट्यावर
आयुष्य काढलंय.
"म्हंजे वाटेत कोनी खाल्लं तं कळते."
हो.
"अन् खानारा मानूस असते."
नाही मावशी, मानसालेच खाते ते.

टेस्टचं बटण तिच्याकडून दाबून घेतलं.
खट.
पंखा थांबला, हवेचे बुडबुडे थांबले,
घर एकदम तळ्यासारखं झालं.
दर पुनवेला असंच दाबायचं, मी म्हटलं.
खटका पडला नाही तर मला फोन.

ती उठली, बाही वर सारली,
कोपरापर्यंत हात पाण्यात घातला
आणि एका एंजलला
ओंजळीत धरून पाहिलं, उलटं, सुलटं,
बाजारात बघतात तसं.
"दीड रुपयाचं मांस नाही," म्हणाली
आणि सोडून दिलं.

मे महिन्यात गेले तेव्हा
अर्थिंगच्या खड्ड्यावर दोडक्याचा वेल होता.
मासे धुतलेलं पाणी ती रोज तिथंच ओतते,
मीच सांगितलं होतं, माती वाळू देऊ नका.
वेल मी उपटला नाही.
बकरी आता आंब्याला आहे.
दोर अजून लांबच आहे जरासा.