उजवीकडे चार

आमची दोनशेसात, अठ्ठ्याण्णवची.
मागे परातींची चळत, झारे, गंजांच्या पोटात गंज,
आणि प्रत्येक गतिरोधकाला
सगळ्यांचं एकदम बोलणं.
पुढे टेप. म्हणजे टेपच्या जागी टेप.
इंजिन चढलं की त्यातून एक बारीक कूं चढायची,
गाणं त्या कूंच्या मागून,
आडोशाला उभं राहून म्हटल्यासारखं.

यंदा लग्नं बरी झाली.
हे म्हणाले, गाडीला नवा आवाज बसवू.
मी म्हटलं, घसा धरला की आवाज बसतो,
बसवतात कसला? आधी सीट शिवा. स्प्रिंग टोचते.
तर गेलो आवाज बसवायला.

छावनीत शाकिरचं दुकान. दुकान म्हणजे अर्धं शटर
आणि बाकी सगळा रस्ता.
दाराचं पॅनल उचकटलं तर आतून निघालं
एक रुपयाचं नाणं, अक्षता,
आणि उंदराने कुरतडलेला काळा कागदी कोन.
"काका, ये तो कब का मर गया."

टायरची जुनी ट्यूब कापून
त्याने पत्र्याला आतून चिकटवली.
टिचकी मारून पाहिली:
आधी डबा वाजायचा, आता पाट वाजला.
सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, बॅटरीपासून थेट लाल वायर,
वायरीत फ्यूज, अर्थ वेगळी, चासी घासून.
कूं गेली.
ती गेली तेव्हा मला वाटलं, गाडीच बंद पडली.

मग गाणं लावलं.
मी डावीकडे, पाय वर घेऊन.
तबलजीची अंगठी तबल्याला लागली तरी कळेल, असं वाजत होतं.
हे म्हणाले, उजवा वाजत नाही.
शाकिरने वायर हलवली. उजवा वाजत नाही.
उजवा काढून डाव्या दारात, डावा उजव्या.
उजवा वाजत नाही.
नवं खोकं फोडलं.
गोलूने दाराला कान लावला. "बज तो रिया है, भिया."
शाकिरने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

गाणं बंद करून तो ह्यांच्या खिडकीशी उभा राहिला,
आणि अगदी हळू,
"काका, चाय में शक्कर?"
हे समोर बघत होते,
आरशाला बांधलेल्या लिंबाकडे.
त्याने परत विचारलं नाही.
आत वाकून एक बटण दाबलं, चार वेळा.
निळा आकडा उजवीकडे सरकला.
"वायर ढीली थी, काका."
"बघ," हे मला म्हणाले, "मी म्हणत नव्हतो?"

सत्तावीस वर्षं ती काच खाली.
ट्रकांचे हॉर्न, धूळ, पौषातला वारा,
सगळं त्या बाजूने आत.
नाक्यावरचा शिपाई किती ओरडायचा आणि हे किती शांत,
मला वाटायचं, स्वभाव.
देवासला मुलीचा बाप खिडकीशी येऊन
काहीबाही सांगत रडला, हे मान हलवत राहिले.
सातशे सोडून आलात, म्हटलं मी, विरघळता फार.
सातशे त्या कानात गेलेच नव्हते.

परतताना गाणं त्यांच्या दारातून दाट,
माझ्या दारातून नुसती ओल.
चालेल. मला परातीही ऐकू येतात.

महूनाक्याच्या सिग्नलला गाडी थांबली,
मागची भांडी एकेक करत गप्प झाली,
आणि तेव्हा माझ्या डोक्यात आलं,
मी तर कायम डावीकडे.
पंक्चरपासून नणंदेपर्यंत जे जे बोलले
ते सगळं चांगल्या कानात.
आणि दर वेळी,
"काय म्हणालीस?"

मी आवाज दोन घरं कमी केला.
"सीट कधी शिवायची?"

सिग्नल लाल होता.
हे समोर बघत होते.