डावा कोपरा

एकतीस वर्षांच्या वह्या, लाल पुठ्ठ्याच्या.
धान निघाल्यावरचे सामने, मोहाडी ते लाखांदूर,
हॅलोजनखालची प्रत्येक चढाई, प्रत्येक पकड
माझ्या हातची.
प्रणालीनं त्या लॅपटॉपात भरल्या.
म्हणाली, मामा, नुसते गुण मोजून भागत नाही.
समोर कोण होतं, किती गडी उरले होते,
अन् याच्या जागी बाकावरचा कोणताही पोरगा असता
तर काय झालं असतं, तेही वजा करायचं.

वजा केलं.
रूपराव, ज्याचा फोटो अजून पानठेल्यावर आहे,
घसरला सातव्यावर.
पहिला आला शालिक लांजेवार.
जन्मात चढाईले गेला असेल चारदा.
तो मैदानात असला की बाकीच्या सहांचे गुण वाढत,
एवढंच.

सांगाले गेलो. गिरणीत होता, भुवया पिठानं पांढऱ्या.
"रूपरावले सांगजा नोको," म्हणाला,
अन् माझं दळण आधी घातलं.

घरी येऊन चौऱ्याण्णवची वही उघडली.
अंतिम सामना, शेवटची पकड.
घोटा शालिकनं धरला होता.
मी लिहिलं होतं, रूपराव.
लोक तेच नाव ओरडत होते.