तळमजल्याची लिफ्ट

माझ्याकडे माणसं येत नाहीत, संस्था येतात.
चेअरमन, सेक्रेटरी, आणि तिसरा एक जण,
ज्याला नुसतं बघायचं असतं वकीलबाई काय म्हणतात.
ठरावाचं रजिस्टर साडीच्या दुकानातल्या पिशवीत.
मी चहा सांगते. नको म्हणतात,
मग पितात.

वीस वर्षं कोल्हापुरात हेच करते आहे:
पार्किंगचे पट्टे, टेरेसची गळती,
बिल्डरनं करून न दिलेलं खरेदीपत्र,
जत्रेसाठी दोन दिवस आधी आणून
जिन्याखाली बांधलेला कुणाचा तरी बोकड.
प्रत्येक संस्थेच्या नावाशेवटी 'मर्यादित' असतं.
भांडणाच्या शेवटी मी ते अजून पाहिलेलं नाही.

रमणमळ्यातली पंचधारा. चार मजले, सोळा बिऱ्हाडं.
तळमजल्यावर शामराव वरुटे, केएमटीचे रिटायर कंडक्टर,
सहा वर्षं लिफ्टचा खर्च देत नव्हते.
"मी चढतच न्हाई, तर तिकीट कशाचं?
माझ्या गाडीत जो बसला न्हाई
त्याचं तिकीट मी कधी फाडलं न्हाई."

सेक्रेटरी चौगुले माझ्याकडे बघत राहिले.
खरं सांगते, क्षणभर मलाही काही सुचलं नाही.
मग उपविधी काढले, बोट ठेवलं:
वापर असो वा नसो, सर्वांना समान.
नोटीस लिहिली, आमचे अशिलाचे सूचनेवरून,
रक्कम अंकी, अक्षरी, व्याज, पंधरा दिवस.
पोचपावती परत आली.
वरुट्यांची वळणदार सही,
आणि कोपऱ्यात एक गोल भोक.
तो चिमटा अजून त्यांच्या खिशात असणार.

त्या जुलैत राजाराम बंधारा एकेचाळीस, बेचाळीस,
त्रेचाळीसनंतर लोकांनी फूट मोजणं सोडलं
आणि जिन्याच्या पायऱ्या मोजू लागले.
रात्री दोनला पाणी मीटरच्या खोलीत.
तिसऱ्या मजल्यावरच्या उपाध्येबाई
(वरुट्यांवरच्या कारवाईच्या ठरावाच्या सूचक)
दार उघडं टाकून बसल्या.
पाच दिवस, एक गॅस, तीन बिऱ्हाडं.
वरुट्यांची औषधं फडताळात त्यांच्या देवांशेजारी.

हे मला कळलं ते सुनावणीला.
उपनिबंधक कार्यालयाच्या बाकावर दोघं शेजारी,
मधे डबा, एक पोळी उरलेली.
मला वाटलं, मिटलं. पुरसिस मनात लिहूनही टाकली.
"न्हाई ओ," वरुटे म्हणाले, "केस चालू द्या.
वर गेलो, कबूल. पण जिन्यानं गेलो.
लाइट नव्हती."
उपाध्येबाईंनी मान डोलावली.
"खरंय. बॅटरी मीच धरली होती.
पैसे मात्र त्यांनी द्यायला पाहिजेत."

उपविधीत विमा आहे, दुरुस्ती निधी आहे.
बॅटरी कुणी धरायची यावर काही नाही.
मी तारीख मागून घेतली.

अडचण वेगळीच होती. कपाटासकट
ठरावाचं रजिस्टर पाण्यात गेलं होतं.
शाई पसरलेली, पानाला पान चिकटलेलं,
आणि मला हवा होता मूळ ठराव, सह्यांसकट.
चौगुल्यांना म्हटलं, वाळवा, पण इस्त्री लावू नका.

रविवारी मीच बघायला गेले.
कंपाउंडात गाळ खरवडून एका कडेला लावलेला,
त्याचा तो वास, धुतला तरी न जाणारा.
खुर्ची टाकून, उन्हाकडे पाठ करून
वरुटे बसले होते, मांडीवर रजिस्टर.
ओल्या तिकिटांचा गठ्ठा सोडवावा तसे
एकेक पान नखानं सुटं करत होते.
सदतीस क्रमांकाचा ठराव आला,
त्यांचं नाव, थकबाकी, सूचक, अनुमोदक.
चष्मा वर करून त्यांनी तो वाचला,
आणि त्या पानावर
जरा जास्त वेळ फुंकर घातली.